टोळधाड आणि अजमानची फेरी

दुबईत आमचा रविवार शुक्रवारी यायचा. सुट्टी शुक्रवारची, म्हणून देवही शुक्रवारी. बर दुबई भागात एका अंकलच्या फ्लॅटवर आम्ही मराठी ख्रिस्ती कुटुंबं प्रार्थनेला जमायचो, बहुतेक सगळी नगरकडची. माझे पप्पा एसी मेकॅनिक. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे शास्त्र वाचायचं आणि अर्थ सांगायचा मान माझा. कॉलेजातल्या मुलीला हिब्रू संदेष्टे समजतात, असा सगळ्यांचा विश्वास होता. मला खरं तर बी.कॉम.ही नीट समजत नव्हतं.

एका शुक्रवारी वाट्याला आला तो दारुड्यांवर संतापलेला संदेष्टा. टोळधाड आली आहे, द्राक्षवेली सोलून निघाल्या आहेत, आता पेले कोरडे पडणार; झिंगलेल्यांनो, उठा आणि रडा, असं तो बजावत होता. मी चाचरत वाचलं. अर्थ सांगताना एवढंच म्हणाले, "मला वाटतं... त्याला दारूपेक्षा झोपेचा राग आला असावा. सगळं हातचं जायची वेळ आली, तरी यांना पत्ताच नाही, असं काहीतरी."

"आमेन!" सगळ्यात मोठा आवाज अंकलचा. मग त्यांनी सोपं करून सांगितलं की दारुडे म्हणजे लेबर कॅम्पातली पोरं. बिचारी उन्हात राबतात आणि मिळेल ते पितात, आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू. आम्ही डोळे मिटून केली. कॅम्पातलं तिथं कुणीच नव्हतं, त्यामुळे विनाशाचा त्रास कुणालाही झाला नाही.

चहा-समोसे झाले आणि अंकलनी हात चोळले. "यल्ला भाऊ, अजमान!"

यल्ला म्हणजे चला, आणि भाऊ म्हणजे माझे पप्पा. दुबईत बाटली घ्यायला परवाना लागायचा आणि परवान्यावर कंपनीच्या साहेबाची सही. देवाला न घाबरणारी आमची मंडळी साहेबाला मात्र घाबरत. पलीकडच्या अजमान अमिरातीत कुणी काही विचारत नसे. अडचण एवढीच की वाटेत कडक दारूबंदीचं शारजा लागायचं, आणि तिथं गाडीत बाटली सापडली तर आधी तुरुंग, मग व्हिसा खलास. पप्पांचा व्हिसा गेला की मम्मीचा आणि माझाही जाणार, आणि कॉलेज अर्ध्यावर सुटणार. पप्पांची गाडी जुनी, पण डिकी ऐसपैस. म्हणून हे सेवाकार्य त्यांच्याकडे आलं होतं.

"आज पोरीला पण घ्या," अंकल म्हणाले. "फॅमिलीची गाडी पोलीस थांबवत नाहीत. पुढं बसवा, मांडीवर पवित्र शास्त्र द्या."

"आणि शास्त्राखाली पिशवी?" मम्मीनं विचारलं.

"वहिनी, तुम्ही पण ना! पिशवी डिकीत."

नाही कसं म्हणायचं ते मला सुचेना. मी पुढं बसले, शास्त्र मांडीवर. अंकल मागं ऐसपैस. पप्पांनी किल्ली फिरवली. एसीची गरम हवा तोंडावर आली आणि माझ्या तोंडून निघालं, "पप्पा, पकडलं तर माझं कॉलेज जाईल ना?"

"शुभ बोल गं!" मागून आवाज आला. "शिकलेली माणसं फार भितात बघा. म्हणून तर मी शिकलो नाही."

पप्पा हसले नाहीत. माझ्या मांडीकडे बघत राहिले. मग गाडी बंद करून किल्ली त्यांनी खिशात टाकली.

"दादा, आज नको. पोरीची परीक्षा आहे."

"कधी?"

"उद्या."

उद्या काहीही नव्हतं. मी शास्त्र घट्ट धरून गाडीतून उतरले.

अंकल टॅक्सीनं गेले. संध्याकाळी पिशवीसकट सुखरूप परतले. ना पोलीस, ना टोळ; संदेष्ट्याची अगदी नाचक्की झाली. पुढच्या शुक्रवारी 'आमेन' त्याच जोरात झालं.

पप्पा सुधारले, असं मात्र कुणी समजू नये. कुणी ग्लास भरून दिला तर ते नाही म्हणत नसत. पण आमची गाडी अजमानला पुन्हा गेली नाही. प्रार्थना झाली, यल्ला झालं, की पप्पा खाली मान घालून म्हणत, "पोरीची परीक्षा आहे."

शेवटी अंकलना माझी दया आली. "वहिनी, कसलं हो हे कॉलेज? दर शनिवारी परीक्षा? पोरीला मारतील ही माणसं."

मम्मी कप गोळा करत म्हणाली, "काय करणार! डिग्री हातात पडेपर्यंत असंच चालायचं, इन्शाल्ला."