लेकीचे टक्के

मंगळवारी बुलढाण्याला गेले होते, लेकीच्या दिव्यांग सर्टिफिकेटसाठी. तेव्हापासून खूश व्हावं की घाबरावं, तेच मला कळेना झालंय...

माझी ओवी नऊ वर्षांची, तिला डाऊन सिंड्रोम आहे. जुन्या सर्टिफिकेटची मुदत संपली, म्हणून पुन्हा तपासणी होती. दिव्यांगत्वाचे टक्के कमी भरले तर एसटीची सवलत जाते. आणि सवलत गेली की मेहकरहून आठवड्यातून दोनदा बुलढाण्याला स्पीच थेरपीला जाणं आमच्यानं होणार नाही.

हे सोबत नव्हते. बीटी बियाणं असूनही कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरलीय, फवारणी सोडून माणूस येणार कसा?

दवाखान्यात बाकावर शेजारी शबानाताई म्हणून एक बाई बसल्या होत्या. त्यांचा मुलगाही ओवीसारखाच. हळूच म्हणाल्या, "पोरीले आत बोलू नका देऊ बरं. बोलली की टक्के कमी होतात. मागच्या खेपेले आमच्या पोरानं धडाधड गिनती म्हणून दाखवली ना!"

वर्ष झालं, थेरपीच्या मॅडम जीव तोडून तिला शिकवताहेत. सुटे शब्द येतात, पण जोडून वाक्य काही होत नाही. आणि आता मीच तिला म्हणू, गप्प बस?

म्हटलं मी. काय करणार! तोंडावर बोट ठेवून तीनदा बजावलं. तिनंही शहाण्यासारखी मान हलवली.

आत डॉक्टरांनी नाव विचारलं... ओवी गप्प. चित्रातला बैल दाखवला... गप्प. एरवी बैल दिसला की गल्ली डोक्यावर घेते पोरगी! मी आपली खाली बघत बसले.

शेवटी फाइल मिटता मिटता डॉक्टरांनी सहज विचारलं, "काऊन बोलत नाही बेटा?"

ओवीनं सरळ माझ्याकडे बोट केलं. "आई म्हणे... बोलू नको."

अगं बाई! जन्मातलं पहिलं पूर्ण वाक्य, आणि तेही आईची चुगली! धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला, आणि त्याच वेळी तिला उचलून नाचावंसंही वाटत होतं. डॉक्टर हसले, कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, ते विचारायची हिंमत झाली नाही.

बाहेर येऊन आधी मॅडमना फोन लावला. ओवी वाक्य बोलली म्हटल्यावर त्या आनंदानं ओरडल्याच. "काय म्हणाली, काय म्हणाली?" सांगावंच लागलं मग. त्यांना हसू आवरेना, आणि मी पायरीवर बसून रडत होते.

सर्टिफिकेट अजून हातात आलं नाही. किती टक्के येतील, कमी आले तर पुढं काय, खरंच माहीत नाही... मॅडमनी वर्षभर खपून लेकीला वाचा दिली, आणि मी पाच मिनिटांत ती बंद करायला निघाले होते. चुकलं गं ओवी माझं. तू बोल माय, कुठंही बोल, माझ्याबद्दल बोललीस तरी चालेल.