वयनींची फुग्यातली जागा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा मी घाईघाईने दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला जमेल असं वाटतंय. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते, आणि एरवी ही जीभ गप्प बसणारी नाही, हे आमच्या घरात कुणालाही विचारा.

तुम्ही म्हणाल, असं केलंय तरी काय या बाईने? चोरी? मारामारी? छे. मी सहलीला गेले आणि फुग्यात बसले. आकाशात उडतो ना तो मोठा रंगीत फुगा — खाली वेताची टोपली, वर आगीचा झोत — त्यात. एवढंच. म्हणजे — एवढंच नाही. मी येते तिथपर्यंत. जरा आडवळणाने येईन, सांभाळून घ्या.

आधी वयनी कोण ते सांगते. वयनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी उल्हासनगरची, कॅम्प तीनच्या गल्लीत वाढलेली. वडील जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर, शेजार सगळा सिंधी, त्यामुळे हिंदी तोंडात बसलेली आणि तोंड तसं फटकळ. लग्न होऊन बदलापूर गावातल्या शेतकरी घरात आले तेव्हा मला चुलीवर भाकरीसुद्धा थापता येत नव्हती. वयनींनी शिकवलं. पहिल्या वर्षी माझ्या करपलेल्या भाकऱ्या त्या स्वतःच्या ताटात घ्यायच्या आणि सासूबाईंना म्हणायच्या, मना कडकच आवडते.

आमच्या घरात थोरलीचा मान असे. नव्या भाताचा पहिला घास तिच्या पानात. गौरीपुढे पहिलं निरांजन तिच्या हातात. दारात नवी गाडी आली तर पुढच्या सीटवर पहिली ती बसणार, मग गाडी घराला एक चक्कर मारणार. सासूबाई गेल्या, रीत गेली नाही. वयनींना कधी 'मी आधी' असं म्हणावंच लागलं नाही. त्या पुढे निघाल्या की आम्ही सगळे आपोआप बाजूला व्हायचो.

आणि खरं सांगू? त्या मानाचा त्यांनी कधी फायदा घेतला नाही. दिवाळीला साड्या आल्या की पहिली उचलायचा मान त्यांचा. पण मला कुठली आवडलीय हे त्यांना माझ्या तोंडावरून कळायचं, आणि त्या मुद्दाम दुसरीच उचलायच्या. मान त्यांचा, माल माझा. हे मला दिसत नव्हतं का? चांगलं दिसत होतं. तरी सलायचं. साडी हवी ती मिळाली तरी दुसऱ्या नंबरानेच मिळाली, हे सलायचं. किती कोता जीव असतो बघा माणसाचा. माणसाचा कशाला म्हणू — माझा.

वयनींना एकच वेड होतं. आम्ही गच्चीवर पापड वाळत घालत असलो आणि वरून विमान गेलं की त्यांचे हात थांबायचे. विमान डोंगरामागे जाईपर्यंत मान वर.

“वरशी आपला घर कवरा दिसत आसंल गो?” त्या विचारायच्या.

“घर कसलं दिसतंय वयनी, तुमचे पापड दिसतील,” मी म्हणायचे. त्या खळखळून हसायच्या, आणि पुढच्या विमानाला पुन्हा तेच विचारायच्या. विमानात बसायची हौस नव्हती त्यांना. कुठे जायचं नव्हतं. फक्त उंचावरून एकदा खाली बघायचं होतं.

मग आमच्या गावातल्या महिला मंडळाची राजस्थानची सहल निघाली. आम्ही दोघी गेलो. महाल बघून, पाय दुखवून झाले, आणि एका सकाळी बस आम्हाला शहराबाहेरच्या मोठ्या मैदानात घेऊन गेली. उजाडायचं होतं अजून. मैदानात मंडपाच्या कापडासारखे फुगे आडवे पसरलेले, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते फुगत फुगत उभे राहिले. अर्ध्या बायका घाबरून बसमध्येच बसल्या. बाकीच्यांनी आपापल्या जागा धरल्या. शेवटच्या टोपलीत एकच जागा उरली. सहलीचा मॅनेजर म्हणाला, आता एकीलाच घेता येईल.

एकच जागा म्हटल्यावर ती कुणाची, हे आमच्यात कुणी विचारतं का? वयनी पुढे झाल्या. पदर कमरेला खोचला. चपला काढल्या — देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा, जोडून, टोपलीपाशी. पिशवीतून कुंकवाची डबी काढून त्या वेताच्या काठाला बोट लावलं आणि हात जोडले. आमच्यात नव्या वाहनात पूजा केल्याशिवाय पाय ठेवत नाहीत. बायका हसत होत्या, फोटो काढत होत्या. मी मागे उभी होते, त्यांची शाल हातावर घेऊन. मी नेहमी जिथे उभी असते तिथेच.

तेवढ्यात फुगा उडवणारा माणूस माझ्याजवळ आला. त्याने विचारलं ते रोज सगळ्यांनाच विचारत असणार. “माताजी आपके साथ हैं ना? बीपी, चक्कर, हार्ट का कुछ है?”

आता — सांगते.

मी म्हटलं, “हां भैया. चक्कर आते हैं. हार्ट का भी है. किसी को बताती नहीं हैं.”

ते शेवटचं वाक्य मी का जोडलं? कुणी विचारलं होतं का? नाही. त्याने वयनींना विचारलं आणि त्या 'मना काय नाय' म्हणाल्या, तर त्याने माझ्यावरच विश्वास ठेवावा, म्हणून जोडलं. कॅम्प तीनमध्ये मी लहानपणापासून घासाघीस ऐकत मोठी झाले. कुठल्या बोलण्याने समोरच्याचं तोंड बंद होतं, हे मला माहीत होतं. वयनींना कसलाही आजार नव्हता. भरला हंडा कमरेवर घेऊन जिना चढणारी बाई ती. वर बर्नरचा एवढा आवाज चालू होता की दोन हातांवरच्या वयनींना माझा एक शब्द ऐकू गेला नाही.

तो माणूस त्यांच्यासमोर जाऊन हात जोडून म्हणाला, “माताजी, आप रहने दीजिए. ऊपर आपकी तबीयत के लिए ठीक नहीं.”

वयनींनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी म्हटलं, “राहू द्या वयनी. ते नको म्हणतायत.” ते म्हणतायत! खापर फोडायलाही मी त्याचंच डोकं शोधलं.

वयनींनी चपला पायात सरकवल्या. माझ्या हातावरची शाल घेतली आणि माझ्याच खांद्यावर घातली. “वर थंडी आसंल. तू जा गो. नीट बग आन येऊन मना सांग.”

आणि मी गेले. गेले मी.

वर काय होतं ते मी आज पहिल्यांदा सांगतेय. फुगा जमिनीवरून सुटला ते कळलंच नाही. मैदानच खाली खाली गेलं. बर्नर बंद केला की इतकी शांतता — आणि त्या शांततेत खालचं सगळं ऐकू येतं हो! कुत्र्याचं भुंकणं, कुणीतरी कुणाला मारलेली हाक, बादलीचा आवाज. चुलींचा धूर वर आमच्यापर्यंत आला, त्याला आमच्या जुन्या स्वयंपाकघराचा वास होता. सूर्य निघाला तशी आमच्या फुग्याची सावली शेतांवरून चालायला लागली. एका घराच्या धाब्यावर एक बाई मिरच्या पसरत होती. तिने मान वर केली, हात थांबवले, आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत तशीच उभी राहिली. घर तिचं तळहाताएवढं दिसत होतं. मिरच्या मात्र लालभडक दिसत होत्या.

इथे मी म्हणायला हवं ना, की मन खात होतं, मजा आली नाही? खोटं कशाला बोलू आता. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुंदर सकाळ होती. अजूनही दुपारी एकटी असले की डोळे मिटते आणि ती शांतता आठवायचा प्रयत्न करते. तिच्यासाठी अजून जीव तुटतो माझा.

वर जाता जाता मी खाली पाहिलं होतं. मैदानाच्या कडेला पिवळं लुगडं दिसलं. वयनी दोन्ही हात वर करून हलवत होत्या, पण माझ्याकडे नाही. आकाशात तीन-चार फुगे होते, आणि त्या दुसऱ्याच फुग्याला हात करत होत्या. त्याच्यामागे थोड्या पळाल्यासुद्धा. मी हाक मारली नाही.

खाली उतरून जीपने मैदानात परत आलो, तशा त्या धावत आल्या. “मी तुला शेवटपर्यंत हात केला, दिसला ना? आता सांग, काय काय दिसला?”

“काही नाही हो वयनी. नुसतं धुकं आणि गारठा.”

त्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हटलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं पटवलं. तसं नव्हतं. मला ते वाटून घ्यायचं नव्हतं. एकदा तरी काहीतरी आधी माझं, आणि फक्त माझं, हवं होतं. त्यांनी मागितलेलं एवढंसं तेही मी दिलं नाही.

बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “त्या मानसानी निसता बगला आन वलखला गो. माज्यात कायतरी हाय.”

तुम्हाला हे विचित्र वाटेल. पण वयनींचं माहेर वांगणीचं, आणि तिकडे त्यांच्या लहानपणी एक जाणता म्हातारा होता. गोठ्याच्या दारात उभा राहून, जनावराला हात न लावता, आत काय दुखणं आहे ते सांगायचा. वयनींचा अशा नजरेवर विश्वास. रोज माणसं आकाशात नेणारा माणूस उगाच कशाला नको म्हणेल? मी तेव्हा एक वाक्य बोलले असते तर संपलं असतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर त्या जपून राहायला लागल्या. डॉक्टरने सगळं तपासून ठणठणीत म्हणून सांगितलं, तर म्हणाल्या, मशीनला आजचं दिसतं, त्या माणसाला पुढचं दिसलं. डोंगरावरच्या देवीला जाणं सोडलं. मग गच्ची सोडली. पापड मी एकटीच घालायला लागले. विमान गेलं की माझीच मान वर व्हायची, आणि विचारायला शेजारी कुणी नसायचं.

पुढे जुनं घर पाडून बिल्डिंग झाली, आम्ही अंबरनाथला आलो, वयनी मुलाबरोबर, नितीनबरोबर, वांगणीला गेल्या. नितीनला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट घ्यायचा होता, खिडकीतून सगळे डोंगर दिसतात म्हणून. वयनींनी हट्टाने तळमजल्यावरचा घ्यायला लावला. खिडकीतून पार्किंग दिसतं. मला त्यांची फार आठवण येते. इतकी की संध्याकाळी भाकरी थापताना मी मध्येच त्यांच्याशी बोलायला लागते. मग फोन करते, आणि हवापाण्याचं बोलून ठेवते.

गेल्या महिन्यात मी तिकडे गेले होते. नितीनने मोबाइल पुढे केला. म्हणाला, “काकू, हे बघ. लोणावळ्याच्या बाजूला पण फुगे उडवतात. आईला नेतोय मी. डॉक्टर पण हो बोललेत.”

वयनींनी मोबाइल हातात घेतला. व्हिडिओत फुगा वर जात होता, खाली शेतं लहान होत होती. संपल्यावर त्या म्हणाल्या, परत लाव. मग पुन्हा परत. पडद्यावरच्या शेतांवरून बोट फिरवत होत्या. मग मोबाइल त्याला दिला.

“मना वर चालत नाय रे. त्या मानसानी सांगितलेला. काकूला इचार ना, ती व्हती.”

नितीन माझ्याकडे वळला. “काकू, खरं काय ते सांग. काय झालेलं तेव्हा नेमकं?”

चोराच्या मनात चांदणं — मला वाटलं, याला कळलंय. त्याला काही कळलेलं नव्हतं. त्याला आईला फुग्यात बसवायचं होतं, बस्स. सून चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली होती. आणि वयनी माझ्याकडे बघत होत्या. कशा बघत होत्या, सांगू? साड्यांच्या गठ्ठ्यासमोर मी बघायचे तशा. त्यांना हवं होतं. मी 'जा' म्हणावं अशी त्यांची इच्छा होती. एवढं सोपं करून कुणी कुणाला दिलं नसेल. काही कबूलही करायला नको होतं — 'चुकला असेल हो तो माणूस, जा तुम्ही', एवढं पुरलं असतं.

पण त्या वर गेल्या असत्या. त्यांना काही झालं नसतं. धुकं नसतं. आणि खाली उतरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं.

मी म्हटलं, “नको रे नितीन. त्यांना नाही मानवणार. मी होते ना तिथे.”

नितीनने मोबाइल खिशात टाकला. वयनींनी मान हलवली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून सुनेला म्हणाल्या, “ही व्हती म्हनून गो. नायतर मी चढलेच आसते त्या दिशी.”

मी चहा घेतला. त्यांचा हात बराच वेळ माझ्या पाठीवर होता, आणि मी तो तिथे राहू दिला.