पाचांपैकी तीन

तो सांगलीच्या इंजिनियरिंग कॉलेजातला माझा वर्गमित्र. साताऱ्यात एमआयडीसीच्या रस्त्याला त्यानं ऑफिस थाटलं आणि सोबतीला ये म्हणून पहिला फोन मला केला, याचं मला कोण कौतुक होतं. आज तो फोन आठवला तरी अंगाची लाही होते.

त्याचं काम ब्रिजचं. दोन ब्लॉकचेन, म्हणजे डिजिटल नाण्यांच्या दोन खातेवह्या, एकमेकींना ओळखत नाहीत, एकीवरचं नाणं दुसरीवर चालत नाही. ब्रिज इकडं नाणं कुलपात ठेवतो आणि तिकडं त्याच्या बदल्यात दुसरं देतो. मी तासगावची, मला ते लगेच उमगलं. आमच्याकडं बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवून पावती घेतात. माल आत आहे असं सगळे धरून चालतात, म्हणून पावतीला किंमत. माल गेला की ती चुलीत घालायच्या लायकीची.

कुलपाच्या किल्ल्या पाच, पाच जणांकडं. तिघांच्या सह्या पडल्याशिवाय एक नाणं हलणार नाही, हाच सगळ्याचा पाया. पाचांत एक तो, एक मी. किल्ली म्हणजे चोवीस इंग्रजी शब्द. ज्याच्याकडं ते शब्द, त्याला सही करता येते. माझे शब्द कागदावर लिहून मी कपाटात शालूच्या घडीत ठेवले होते.

माझा थोरला भाऊ तेव्हा नुकताच लष्करातून सुटून आला होता. जन्म क्वार्टरमध्ये काढलेला, गावाबाहेर प्लॉट घेतलेला, जोतं झालेलं. बांधकाम पुढं सुरू होईपर्यंत फंडाचे पैसे कुठं ठेवावेत, असं त्यानं मला विचारलं. पलीकडच्या चेनवर व्याज बरं मिळत होतं. मी ब्रिज सांगितला.

"आगं, पर ह्येला राखण कुणाची?"

"पाच जणांची, दादा. त्यात मी हाय."

पुढं एक शब्द न विचारता त्यानं फंडाचे पैसे ब्रिजवर टाकले.

सह्यांचा मात्र लवकरच वैताग आला. आज ही दुरुस्ती, उद्या ती. दर वेळी लॅपटॉप उघडा, काय आहे ते तपासा, सही करा. एकदा मी कोरेगावहून एसटीनं येत होते आणि याचा फोन, तुझ्या सहीसाठी काम अडलंय. म्हणाला, "तू कशाला हेलपाटे घालतेस? तुझे शब्द सांग, माझ्या मशीनवर बसवतो. बाकीचे आपापलं सांभाळतातच." घरी येऊन मी कागद काढला आणि फोनवर त्याला एकेक शब्द वाचून दाखवला, स्पेलिंगसकट.

आमची आई गावच्या सोसायटीत डायरेक्टर होती, राखीव जागेवर बसवलेली. शिपाई प्रोसिडिंग बुक घरी आणायचा, आई पिठाचा हात पदराला पुसून सही करायची, काय ठरलं ते विचारायची नाही. मी तिला लय टाकून बोलायचे. शिकलीसवरलेली मी, मी तर हातसुद्धा पुसला नाही.

एका सकाळी कुलूप रिकामं झालं. ब्लॉकचेनवर सगळं उघडं दिसतं. तीन सह्या, पहिली माझी. तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. तेवढ्यात त्याचा फोन आला, "हॅक झालंय गं. सगळ्यांनी एकच सांगायचं." पाचांतले एक आमचे कॉलेजचे सर, त्यांना मी फोन लावला. ते म्हणाले, "माझे शब्दही त्यानंच मागून घेतले. म्हणाला, बाकीचे आपापलं सांभाळतात." उरलेल्या दोघांनाही आम्ही विचारलं. तीच गोष्ट. पाची किल्ल्या एकाच टेबलावर होत्या, आणि तीन माणसं म्हणजे तोच एक, तीनदा.

मी त्याला परत फोन केला. चोर म्हटलं. आवाज न चढवता तो म्हणाला, "शब्द तूच वाचून दाखवलेस. सही तुझी आहे. कुणाला काय सांगशील?" त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. ऑफिसला गेले तर भाड्याच्या खुर्च्या न्यायला टेम्पो आला होता. केसानं गळा कापला मेल्यानं.

तिथूनच मी प्लॉटवर गेले. विटांचा पहिला ट्रॅक्टर रिकामा झाला होता आणि दादा पाइप धरून विटा भिजवत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"तिगांच्या सह्या लागत हुत्या न्हवं?"

"व्हय."

"त्यात तुजी हाय?"

"हाय. पर मी केली न्हाई, दादा. त्यानं केली, माज्या नावानं. मी भरवसा ठेवला त्याच्यावर."

त्यानं नळ बंद केला.

"आगं, मी त्याच्यावर न्हवता ठेवला," तो म्हणाला, आणि पाइप गुंडाळायला लागला.