तिच्या हाताची निब

मी निपाणीच्या मराठी शाळेत मास्तर होतो आणि माझी थोरली मुलगी माझ्याच वर्गात बसून सातवीपर्यंत शिकली. त्या काळी आमच्या जैन घरांतून मुलीनं फायनलच्या परीक्षेला बसणं म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलायला विषयच. तरी ती बसली. परीक्षेआधी तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, फाउंटनपेन. टाक सारखा दौतीत बुडवण्यात वेळ जातो, असं तिचं म्हणणं. मी वर्गात सगळ्यांना सांगायचो तेच तिला सांगितलं, टाकानं अक्षर वळणदार होतं. वर म्हणालो, "आधी पास हो. मग बेळगावातला सगळ्यात भारी पेन आणतो."

"बरं आप्पा," म्हणून ती आत गेली.

परीक्षा झाली आणि उन्हाळ्यात तिला विषमज्वर झाला. एकविसाव्या दिवशी ती गेली. निकाल त्यानंतर लागला. केंद्रात मुलींत ती पहिली आली होती. हेडमास्तरांनी तो कागद माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

पुढच्या आठवड्यात मी सायकल विकली, रजा टाकली आणि बायकोला काही न सांगता सकाळच्या मोटारीनं बेळगावला गेलो. कशासाठी, ते आजही मला नीट सांगता येत नाही. शब्द दिला होता एवढंच डोक्यात होतं.

कॅम्पातल्या एका दुकानात पेन मिळत. दुकानदार म्हातारा होता, कानडी वळणाचं मराठी बोलायचा. सगळ्यात चांगला दाखवा म्हटल्यावर त्यानं कुलूप काढून एक मखमली पेटी बाहेर काढली. काळाभोर पेन, टोपणाला सोन्याचा पट्टा, निबही सोन्याची. कंपनीनं असे मोजकेच केले होते आणि प्रत्येकावर नंबर कोरला होता. बेळगावात दोनच आले, त्यातला एक कुणा साहेबानं नेला, असं तो म्हणाला.

"कुणासाठी घेतासा?"

"मुलीसाठी. फायनलला पहिली आली."

इथवर सगळं खरंच होतं. त्याला लई आनंद झाला. आता पुढं काय, असं त्यानं विचारलं. मी तिथंच गप्प राहायला हवं होतं. पण मी म्हणालो, "ट्रेनिंग कॉलेजात घालायचं म्हणतोय."

निब लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणं घासून घ्यावी लागते, तिचं अक्षर आहे का, असं त्यानं विचारलं. तिच्या निबंधाच्या वहीतलं एक पान माझ्या खिशात होतं. ते त्यानं भिंगाखाली धरलं.

"हात दाबून लिहिती. आनी लई घाई हाय पोरीला."

खरंच होतं ते. तो निब घासत बसला आणि काहीबाही विचारत राहिला. मी सांगत गेलो. दळताना गुणगुणते, शेवग्याच्या शेंगा ताटात घेत नाही, कंदिलावरून धाकट्या भावाशी भांडते. 'होती', 'करायची' असं एकदाही तोंडातून आलं नाही. निघताना तो म्हणाला, तिला एकदा घेऊन या, हातात धरून बघू दे. मी आणतो म्हणालो.

परतीच्या मोटारीत मला स्वतःची लाज वाटू लागली. आमच्या जवळच्या कोगनोळी गावचे कुणी ओळखीचे गृहस्थ माझ्या बाजूला येऊन बसले, त्यांच्याशीही बोललो नाही.

दिवस मावळायच्या आत जेवायची आमची रीत. मी पोचलो तेव्हा ती वेळ टळून गेली होती आणि बायकोही जेवली नव्हती. मी पेटी तिच्यापुढं ठेवली आणि सायकलीपासून त्या खोट्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. मुलगी गेल्यापासून तिनं तिचं नाव घेतलं नव्हतं, मला घेऊ दिलं नव्हतं. आता ती रागावेल, रडेल असं मला वाटलं. तिनं पेन हातात घेतला, परत ठेवला आणि हळू विचारलं, "त्या म्हाताऱ्याला काय काय सांगितलासा तिच्याबद्दल?"

मी सांगू लागलो. शेवग्याशी आल्यावर तिनं मला थांबवलं. "शेवगा न्हवं. दोडका. शेवगा खायाची ती."

मग तीच बोलू लागली. मला ठाऊक नसलेलं कितीतरी तिला ठाऊक होतं. बोलता बोलता ती म्हणाली, "परीक्षेत दौत सांडलीती तिची. शेवटचा प्रश्न अर्धाच ऱ्हायला. आप्पांना सांगू नगं म्हणाली."

मी उठून परसात गेलो.

त्यानंतर बेळगावला गेलो तरी मी कॅम्पाकडे फिरकलो नाही. पेनात शाई कधी भरली नाही. दुसऱ्या दिवसापासून बायको मुलीचं नाव घेऊ लागली, बस्तीच्या देवळात, पाणवठ्यावर, कुणाहीपुढं. मला ते जमायला पुष्कळ वर्षं लागली.