चाचांची होडी आणि घाटातलं क्रूझ

दादाने आयुष्यभर ट्रक चालवला, पण मला स्टेअरिंगला कधी हात लावू दिला नाही. "तू गिऱ्हाईक पटव, गाडी माझ्यावर सोड," म्हणायचा. ते मी अजून विसरलेलो नाही. म्हणून स्वतःची डिझेल पिकअप घेतली, तेव्हा शोरूमवाल्याला तीन दिवस घाम फोडला आणि क्रूझ कंट्रोलवालीच घेतली. बटण दाबून वेग ठरवला की गाडी तो स्वतःच धरते. वाटलं, संपली दादाची गरज.

पहिलंच मोठं भाडं मिळालं, पिकअपमागे ट्रेलर जोडून मांडव्याहून बोर्ली पंचतनला होडी न्यायची. होडीवाले चाचा कुवेतहून कायमचे परतले होते. तिथली सगळी कमाई त्यांनी या नव्या फायबरच्या होडीत घातली होती. ते दोन खेपा करा म्हणत होते, एक होडीची आणि एक जाळी, इंजिन, नांगराची. मीच अडून बसलो. एकाच खेपेत भागवतो म्हणालो आणि सगळं सामान होडीच्या मागच्या भागात भरलं.

माणगावपर्यंत मजेत आलो. पुढे चढ लागला तसं क्रूझ वेग टिकवायला धडपडू लागलं. गिअर सारखे खाली-वर होत होते, इंजिन ओरडत होतं, तापमानाचा काटा चढत होता. तरी मी हट्टाने ते बंद केलं नाही. उतार आला आणि मागचं ओझं गाडीला ढकलायला लागलं. आता क्रूझला वेग आवरेना. मी घाबरून ब्रेक दाबला, तसा ट्रेलर दोन्ही बाजूंना झुलला. शेजारी चाचा आरशात होडीकडे बघत होते, ओठ हलत होते. ब्रेकचा जळका वास आला तेव्हा रुंद जागा बघून थांबलो.

चाचांनी उतरून होडीच्या बुडाला हात फिरवला. त्यांच्या जागी मी असतो तर शिव्या घातल्या असत्या. ते म्हणाले, "शेठ, घाई न्हाय. एवढी वर्षं थांबलो, अजून अर्धा तास थांबू."

मग मी दादाला फोन लावला. त्याने आधी विचारलं, वजन कुठे ठेवलंयस? मी सांगितलं, तसा तो एकेक सांगत गेला.

"ब्रेक थंड होऊ दे. सामान पुढे सरकव, मागे वजन असलं की ट्रेलर झुलतो. क्रूझ बंद कर, ते सपाट रस्त्यासाठी. गिअर हाताने खाली ठेव, इंजिनच गाडी अडवेल. ब्रेक धरून बसू नको, दाबायचा आणि सोडायचा."

"हे आधी कधी सांगितलं नाहीस," मी चिडूनच म्हणालो.

"ऐकतोस कुठे तू? फोन चालू ठेव."

सामान पुढे सरकवून निघालो, पण दोन वळणांनंतर रेंज गेली. उरलेला घाट मी एकट्यानेच उतरवला, सायकलच्या वेगाने.

बोर्लीला होडी ओरखडाही न येता खाली उतरली. चाचांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुमच्या भावाला माझा सलाम सांगा."

ओझं ओढलं मी आणि सलाम त्याला. तरी रेंज आल्यावर सांगितला.