पाठमोरं वाक्य

लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात कोणी बोलत नाही, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर तिथं पाळीभर गप्पा रंगतात, फक्त त्या ओठांवर वाचाव्या लागतात. त्या खडखडाटात घसा फोडून उपयोग नाही, म्हणून भिवंडीतला प्रत्येक लूमवाला समोरच्याच्या तोंडाकडे बघायला शिकतो. जवळच्या वडपे गावचा अनंता तर सगळ्यांच्या आधी शिकला. लहानपणापासून नकला करणारा गडी, लोकांची तोंडं न्याहाळायची सवय त्याला होतीच.

लूम म्हणजे काही आपलं आयुष्य नव्हे, असं तो मानायचा. आपण नट. बाप म्हणाला शेतावर थांब, मामा म्हणाला ट्रकवर क्लीनर म्हणून चल. यानं मुद्दाम लूम धरला आणि वर रात्रपाळी मागून घेतली, म्हणजे दिवस तालमीला मोकळा. आपल्या या हुशारीवर स्वारी बेहद्द खूश होती. कारखान्यात त्याला सगळे हिरो म्हणत. शेजारच्या लूमवरचा सुलेमानचाचा नुसत्या ओठांनी विचारी, "क्या हीरो, बंबई कब बुला रही है?" आणि अनंता छाती काढून सांगे, "बस, अगले साल." अशी अगली सालं किती आली नि गेली, आणि बघता बघता चौऱ्याहत्तर उजाडलं.

वज्रेश्वरीच्या चैत्रातल्या जत्रेत गावातल्या बाळारामच्या हौशी मंडळींचं नाटक होई, आणि त्यात अनंता म्हणजे हुकमी एक्का. माईक नसला तरी त्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जायचा. पण गेल्या दोन जत्रांपासून काहीतरी बिनसलं होतं. हातखंडा प्रवेश संपवून तो टाळ्यांसाठी थांबे, आणि समोरून काहीच येत नसे. बत्त्यांचा झगझगाट डोळ्यांवर, पलीकडे नुसता काळोख. ढोलकी घुमलेली नीट कळायची. टाळी मात्र नाही. लोक आपल्याला विटले, असं त्यानं मनाशी धरलं. ते त्याला फार लागलं, पण बोलणार कुणापाशी? टाळ्या का वाजवल्या नाहीत म्हणून विचारत फिरणं म्हणजे भीक मागणंच की.

घरातही तीच तऱ्हा. बायको तुळजा पूर्वी चुलीशी बसली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. हल्ली ती पाठ करून भाकऱ्या थापी, आणि चकार शब्द नाही. आपल्या नादाला तीही कंटाळली असणार, असं म्हणून तो गुपचूप जेवी आणि ड्युटीवर जाई.

अशात कल्याणच्या एका नाटक कंपनीचा निरोप आला. तिचे दिग्दर्शक भाऊ यांनी त्याला जत्रेत पाहिलं होतं आणि दौऱ्याच्या नाटकात मुलाचं काम त्याला द्यायचं ठरवलं होतं. अनंताचे पाय जमिनीवर ठरेनात. त्यानं मनाशी पक्कं केलं, हे जमलं तर आपण नट. नाही जमलं तर पुन्हा म्हणून तोंडाला रंग लावायचा नाही.

पहिल्याच तालमीत भाऊ म्हणाले, "अरे, ओरडतोस किती! समोर माईक आहे, घरातल्यासारखं बोल." त्यानं आवाज खाली आणला, तर आपलं वाक्य कुठं उठलं आणि कुठं पडलं, ते त्याचं त्यालाच समजेना. तरी रेटलं कसंबसं. खरा घोळ झाला तो दुसऱ्या अंकात. तिथं बाप खिडकीशी पाठमोरा उभा राहून म्हणतो, "तू गेलास तरी घर चालेल." त्यावर मुलानं जागचं न हलता, तिथल्या तिथं उत्तर द्यायचं. अनंता काही जागेवर राहीना. बाप खिडकीकडे वळला की हा खुर्चीला वळसा घालून त्याच्या तोंडासमोर जाई. भाऊंनी समजावलं, हात धरून जागेवर उभं केलं, शेवटी खडू आणून त्याच्या पायांभोवती रेघ मारली. पाय रेघेच्या आत राहिले, पण बापाचं वाक्य कधी संपलं ते न कळून हा आधीच बोलून मोकळा झाला. सगळे हसले. त्यांची तोंडं दिसत होती, म्हणून हसलेलं तेवढं त्याला कळलं.

"दुसऱ्याचं वाक्य चालू असताना लोकांना स्वतःचं थोबाड दाखवायची एवढी हौस?" भाऊ तडकले. "जत्रेतला माणूस तू, जत्रेतच बरा. उद्यापासून येऊ नकोस."

दिवेलागणीला तो घरी आला. तुळजा चुलीशी पाठमोरी. जेवायला बसलेल्या अनंताचा अचानक बांध फुटला. "तू तरी बोल की गं! वरीस झालं, तुजं तोंड काय शिवलंय?"

तुळजा हातातली भाकरी तशीच धरून वळली. "आवो, मी कवाधरनं इचारते, कल्याणला काय झालं म्हून. तुमीच बोलत न्हाय."

"कवा इचारलंस?"

"आत्ताच की. आन रोजच बोलते मी. तुमी हूं का चूं करत न्हाय. मला वाटलं, माज्यावर राग हाय."

अनंता तिच्या ओठांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "वळ तिकडं. कायबी बोल."

ती वळली. तिचे खांदे हलले, अंबाडा हलला. तवा आदळलेला त्याला ऐकू आला. बाकी काही नाही. ती वळून बघते तो यानं ताट सारून दोन्ही हात कानांवर धरलेले. ज्या लूमच्या जिवावर नट व्हायचं, त्या लूमनंच कान खाल्ले होते, आणि ती रात्रपाळी यानं स्वतः मागून घेतली होती.

त्यानं विचारलं, "गेल्या जत्रंला, माजा शेवटचा परवेस झाला, तवा लोकांनी टाळ्या वाजिवल्या व्हत्या का?"

"ह्ये काय इचारनं?" तुळजा म्हणाली. "शेजारच्या राहीबाईचं तान्हं दचकून रडाया लागलं, येवढ्या वाजल्या. आन तुमी आपलं तसंच हुबं, ना हात जोडलं ना मान लवली. म्या म्हटलं, किती गुर्मी चढली मानसाला!"

कल्याणहून येताना त्याच्यापाशी निदान एक कारण होतं, की लोकांना आपण नकोसे झालो. त्या कारणाच्या आधारानं माणूस गप्प बसू शकला असता. आता तेही गेलं. लोकांना तो हवा होता आणि त्याला स्टेजवर जाता येत नव्हतं. तो लहान पोरासारखा रडला. मग उठून ड्युटीवर गेला, कारण दुसरं काय करणार? सुलेमानचाचानं ओठांनी विचारलं, "क्या हुआ, हीरो?" अनंतानं मान हलवली आणि लूम सुरू केला.

पुढच्या चैत्रात तो जत्रेला गेला. त्याचं काम दुसराच कोणी करत होता. अनंता स्टेजच्या पायथ्याशी बसला, नाटकाकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून. बायाबापड्या हसल्या, कोणी खुणेनं वळायला सांगितलं. तो वळला नाही. बत्तीच्या उजेडात पुढच्या रांगांचे हात वर उठले, एकमेकांवर आपटू लागले, आणि ते खाली येईपर्यंत अनंता त्यांच्याकडे बघत बसला.