देवकाबाईचं नाक

देवकाबाईचा वास गेला करोनाच्या दुसऱ्या लाटेत. ताप उतरला, खोकला थांबला, वास मात्र परत आला नाही. कित्येकांचा गेला; पण तिचं पोटच त्यावर होतं.

मोहाडीच्या बाहेर धनंजयची छोटी वायनरी आहे. तिथं जांभळाची वाईन करतात आणि नागपूरहून येणाऱ्या हौशी लोकांना ती करायला शिकवतात. शिकवते देवका, चौथी पास. नवरा भोजराज कोशाचं रेशमी कापड विणायचा. डोळे अधू झाले, माग बंद पडला, तेव्हापासून घर तिच्या एकटीवर. माहेरी सिहोऱ्याकडे तिची आई मोहाची दारू गाळायची. चोरून गाळायची, पण उत्तम गाळायची. मडक्यावर नाक धरून आतलं आंबवण कुठवर आलं हे ओळखायला देवका तिथंच शिकली. लग्नानंतर तिनं ही विद्या लाजेनं लपवली, आणि धनंजयनं त्याच विद्येसाठी तिला कामावर घेतलं. शेतकीचा पदवीधर, पण यंत्रापेक्षा बाईचं नाक स्वस्त पडतं हे त्याला कळत होतं.

काम असं : गिऱ्हाईक जांभळं कुस्करतो, साखर आणि यीस्ट घालतो, बरणीवर आपल्या नावाची चिठ्ठी लावतो. पहिले काही दिवस बरणीला नुसतं कापड. मग नळीचं घट्ट झाकण, म्हणजे आतली हवा बाहेर जाते, बाहेरची आत येत नाही. झाकणाला उशीर झाला की वाईनचं व्हिनेगर होतं. दिवस ठरवायचा वासावरून. देवका डोळे मिटून बरणी हुंगायची आणि सांगायची; लोक मोबाइलवर तिचं शूटिंग करायचे.

शेजारीण म्हणून मीच तिला भंडाऱ्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. आता आशा धरू नका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी म्हटलं, धनंजयला सांगून टाक. ती म्हणाली, "मंग मले कोन ठेवते?"

तरीही तिचा अंदाज तीन वर्षं चुकला नाही, याचं कारण रिता. करडी गावची, दोन लेकरांची आई, बरण्या धुणं-पुसणं तिचं काम. पुसता पुसता ती सहज बोलल्यासारखं करायची : ही अजून गोडच आहे काकी, ती कोपऱ्यातली चढली. देवका तेच गिऱ्हाइकांसमोर डोळे मिटून सांगायची. दोघींनी या गोष्टीचा एकमेकींजवळ कधी उच्चार केला नाही.

यंदा जूनमध्ये रिताच्या आईला दवाखान्यात ठेवलं. रिता पाच दिवस आली नाही. देवकानं दिवस मोजून झाकणं लावली. उकाडा होता, आंबवण लवकर पुढं गेलं. अकरा बरण्या आंबट झाल्या. त्या नागपूरच्या एका ऑफिसच्या होत्या. त्यांनी फोनवर धनंजयला भरपूर सुनावलं.

रिता परतली त्याच सकाळी धनंजयनं दोघींना उभं केलं. बरण्या नीट धुतल्या नव्हत्या, असं त्याचं मत. रितानं सुट्टीवर जाण्याआधी धुऊन ठेवलेली एक रिकामी बरणी त्यानं फळीवरून काढली आणि देवकाच्या हातात दिली.

"काकी, तुमीच सांगा. वास येते का?"

देवकानं बरणी हुंगली. तिला काचेचा गारवा तेवढा लागला. वास येत नाही म्हणावं, तर मग अकरा बरण्या कशा नासल्या, हा पुढचा प्रश्न तिच्याकडेच येणार होता.

"येते," ती म्हणाली. "आंबूस येते."

रितानं तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती बोलली असती तर देवका तिथंच उघडी पडली असती. धनंजयनं रिताला तिथंच कामावरून काढलं. ती पदराला हात पुसून निघून गेली. हे मला देवकानंच सांगितलं, आणि मी तिला जे बोलायचं ते बोलले. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

जुलैत नवीन गिऱ्हाईक आलं, आणि वास सांगायला रिता नव्हती. देवका करडीला गेली. रिता दुसऱ्याच्या बांधीत भाताच्या रोवणीला होती, गुडघाभर चिखलात. देवका शेताच्या कडेला धुऱ्यावर उभी राहून म्हणाली की मी धनंजयला गळ घालते, तू परत ये. खरं काय ते सांगते, असं मात्र म्हणाली नाही.

रितानं हातातली रोपं रोवून संपवली. मग पाठ सरळ केली.

"काकी, माह्या धुतल्या बरणीचा वास तुमाले आला होता. मंग आता काहून येऊन नाही राहिला?"

बाजूच्या बाया हसल्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. रिताच्या बोलण्याची तऱ्हाच तशी. रिता वाकून पुन्हा कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी वायनरीत बारा बरण्या कापड बांधून उभ्या होत्या. गिऱ्हाइकं मोबाइल धरून तयार. धनंजयनं विचारलं, आज झाकणं लावायची का. देवकानं डोळे मिटले, पहिल्या बरणीवर वाकली आणि नेहमीइतका वेळ तशीच राहिली.

"उद्या," ती म्हणाली.